लिक्विडेशनमधला एमआयडीसीचा शेड लिलावात घ्यायचा आहे, बोलीआधी काय बघू?

जॉबवर्कवाला, कोल्हापूर

नमस्कार मंडळी. शिरोलीत माझं मशिन शॉप आहे, भाड्याच्या शेडमध्ये. दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि बाकी जुने लेथ. फाउंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं मशिनिंग करून देतो. शेडमालकाचा मुलगा आता स्वतःचा धंदा काढतोय, त्यामुळे जागा खाली करावी लागणार.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका बंद पडलेल्या कंपनीचा प्लॉट लिलावात निघालाय. प्लॉट, त्यावरचा शेड आणि आतली मशिनरी असं सगळं एकत्र. कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, कुणी चालवायला घेतली नाही, आता लिक्विडेटर, म्हणजे कंपनी गुंडाळायला नेमलेला माणूस, विकतोय. पहिल्या लिलावात राखीव किंमत ४ कोटी होती, कुणी बोली लावली नाही. आता ३ कोटी आहे, अनामत ३० लाख. पेपरातल्या जाहिरातीत ते नेहमीचं 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे तेथे आहे' छापलंय.

माझे वडील म्हणतात, असल्या भानगडीत पडू नकोस. त्यांच्या उमेदीच्या काळात हायकोर्टाच्या ऑफिशियल लिक्विडेटरकडून त्यांच्या दोस्ताने एक गिरणीचा माल घेतला होता. बोली जिंकली, पैसे भरले, आणि मंजुरीच्या तारखेला कोर्टात दुसराच माणूस जास्त पैसे घेऊन उभा राहिला. मग कोर्टातच पुन्हा बोली. तसं आताही होतं का? एनसीएलटीची, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणाची, मंजुरी मिळेपर्यंत माझे पैसे अडकून पडतील का?

दुसरं, बँकेचं कर्ज घ्यावं लागेल. ते वेळेत झालं नाही तर अनामत जाणार का? तिसरं, एमआयडीसीची आणि लाइटबिलाची जुनी थकबाकी कुणी भरायची? चौथं, आणखी थांबलो तर किंमत अजून खाली येईल का?

आणि एक गोष्ट. जुन्या मालकाच्या पुतण्याचा फोन आला होता. म्हणाला, 'तुम्ही तुमच्या नावावर घ्या, निम्मे पैसे आम्ही देतो, मागचा अर्धा शेड आमच्याकडे राहू दे, पुढचं आपण बघून घेऊ.' माणूस बोलायला चांगला आहे. मला पैशांची निकड आहे हे त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. काय करावं?

हिशेबनीस, पुणे

मी पुण्यात एका लिक्विडेटरच्या ऑफिसात हिशेब आणि लिलावाची कागदपत्रं बघते. ही केस आमच्याकडची नाही याची खात्री करूनच लिहितेय.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, कारण बाकी सगळी उत्तरं त्यावर टेकलेली आहेत. पुतण्याला स्वच्छ नाही म्हणा, आणि तेही फोनवर नको, मेसेजवर लिहून म्हणा. इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, २०१६ च्या कलम ३५ मध्ये लिक्विडेटरला मालमत्ता विकायचा अधिकार दिलाय आणि तिथेच अट घातलीय की कलम २९अ खाली जो अपात्र आहे त्याला ती विकता येणार नाही. ज्यांच्या हातात कंपनी बुडाली त्यांनी मागच्या दाराने तीच मालमत्ता स्वस्तात परत घेऊ नये, यासाठी २०१७ च्या शेवटी हे कलम आलं. अपात्रांच्या जोडीला त्यांचे 'संबंधित' लोकही त्यात येतात आणि ती व्याख्या लांबलचक आहे. लघुउद्योगांच्या मालकांना कायद्यात काही सवलत आहे. ती या कुटुंबाला लागू होत असेल तर त्यांनी स्वतःच्या नावाने लिक्विडेटरकडे जावं. तुमच्या नावाची गरज कशाला?

बोलीच्या कागदांत तुम्हाला पात्रतेचं शपथपत्र द्यावं लागतं. पैसे कुठून आले हे पुढे बँकेच्या उताऱ्यात दिसतंच. खोटं निघालं तर अनामत जाते, व्यवहार रद्द होतो, वर बेनामी व्यवहाराचं लचांड वेगळं. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कलम ३२अ प्रामाणिक खरेदीदाराला मोठं संरक्षण देतं: जुन्या संचालकांनी कंपनीत आधी केलेल्या गुन्ह्यांसाठी, तुम्ही लिलावात घेतलेल्या मालमत्तेवर जप्ती येत नाही. पण हे संरक्षण जुन्या मालकांशी संबंध नसलेल्या खरेदीदारालाच आहे. पुतण्याचे निम्मे पैसे घेतलेत की तुम्ही ही ढाल स्वतःच्या हाताने खाली ठेवली.

आता वडिलांचा मुद्दा. ते सांगताहेत ते अगदी खरं आहे, फक्त ते जुन्या व्यवस्थेचं आहे. कंपनी कायद्याखाली हायकोर्टात कंपनी गुंडाळली जायची तेव्हा विक्रीला कंपनी न्यायाधीशांची मंजुरी लागायची आणि मंजुरीच्या वेळी जास्त रकमेची ऑफर आली तर कोर्ट ती ऐकायचं. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात मंजूर झालेली विक्रीसुद्धा जास्त किमतीसाठी पुन्हा उघडायला मान्यता दिली होती. तेव्हा वडिलांच्या दोस्ताचं जे झालं ते त्या काळाच्या रीतीला धरूनच झालं.

नव्या कायद्यात जाहीर लिलावाने केलेल्या विक्रीला दरवेळी एनसीएलटीची आगाऊ मंजुरी लागत नाही. लिक्विडेटर दोन नोंदणीकृत मूल्यांककांकडून किंमत काढून घेतो, त्यावरून राखीव किंमत ठरते, घेणेकऱ्यांच्या सल्लागार समितीशी चर्चा होते, जाहिरात निघते आणि लिलाव ऑनलाइन होतो. नंतर कुणाला विकलं, किती आले, मूल्यापेक्षा कमी आले तर का, याचा अहवाल तो एनसीएलटीपुढे ठेवतो. आपसात बोलून खाजगी विक्री करायची असेल तेव्हा मात्र मोजक्याच वाटा आहेत: माल नाशवंत आहे, ठेवून किंमत पडतेय, फसलेल्या लिलावाच्या राखीव किमतीपेक्षा जास्त मिळतंय, किंवा न्यायाधिकरणाने आधी परवानगी दिलीय.

जास्त पैशाच्या आशेने तुमची बोली टाकून देता येईल का? यावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, इव्हा अ‍ॅग्रो फीड्सच्या प्रकरणात. एकच बोलीदार, बोली राखीव किमतीला, आणि लिक्विडेटरने पुढे जास्त मिळेल म्हणून लिलाव रद्द केला. न्यायालयाने सांगितलं की गैरप्रकार, संगनमत असं काही नसेल तर नुसत्या जास्तीच्या अपेक्षेवर सर्वोच्च बोली नाकारता येत नाही. नाकारायची तर कारणं द्यावी लागतात. हे वडिलांना वाचून दाखवा.

अर्थात एनसीएलटी पूर्ण बाजूला असते असं समजू नका. कुणी अर्ज केला तर मुंबई खंडपीठापुढे तारखा पडू शकतात. म्हणून बोलीआधी लिक्विडेटरला ईमेलने विचारा: या मालमत्तेवर न्यायाधिकरणात, अपिलात किंवा इतर कुठल्या कोर्टात काही चालू आहे का, स्थगिती आहे का, आणि बँकेने आपला तारण हक्क लिक्विडेशनच्या मालमत्तेत सोडून दिलाय का. शेवटचं नक्की विचारा. तारण असलेली बँक हक्क सोडून रांगेत उभी राहू शकते किंवा स्वतः बाहेर राहून विकू शकते. प्लॉट लिक्विडेटरकडे आणि मशिनरी बँकेकडे, असेही प्रकार होतात.

पैशांचं वेळापत्रक. तुम्ही जिंकलात की बाकी रकमेची मागणी येते. मागणीच्या तारखेपासून ९० दिवस. त्यातले पहिले ३० दिवस बिनव्याजी, पुढे १२ टक्के व्याज. ९० दिवसांत पूर्ण पैसे आले नाहीत तर विक्री रद्द. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक असल्याचं सांगितलंय, तेव्हा 'साहेब, आठवडाभर द्या' हे इथे चालत नाही. तुमच्या आकड्यांत बोलायचं तर ३ कोटींना सुटलं आणि ३० लाख वळते केले तर उरतात २ कोटी ७० लाख. शेवटच्या दिवसापर्यंत ताणलंत तर ६० दिवसांचं व्याज सव्वापाच लाखांच्या वर जातं. त्यामुळे बँकेकडे बोलीनंतर जाऊ नका. आत्ताच जा, आणि तत्त्वतः मंजुरी हातात असल्याशिवाय अनामत भरू नका. बँकेला लिलावाच्या मालमत्तेवर कर्ज द्यायला एमआयडीसीची संमती लागेल, मूल्यांकन लागेल, वकिलाचा अहवाल लागेल. हे सगळं ९० दिवसांत बसवायचं म्हणजे मागणीपत्र येण्याआधीच अर्धं काम झालेलं हवं.

थांबून किंमत आणखी उतरेल का? उतरू शकते. पहिला लिलाव फसला की राखीव किंमत मूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत कमी करता येते. तुमच्याकडे ४ चे ३ झाले म्हणजे ती सूट पूर्ण वापरली. यापुढे दरवेळी १० टक्क्यांपर्यंतच. म्हणजे पुढचा लिलाव झाला तर साधारण २ कोटी ७० लाखांपर्यंत. लोक मुंबईतल्या किंगफिशर हाउसचं उदाहरण देतात, की २०१६ ला १५० कोटींना निघालेली इमारत २०२१ ला ५२.२५ कोटींना गेली. ती वसुलीची वेगळी प्रक्रिया होती, आणि विलेपार्ल्यातली ऑफिसची इमारत पाच वर्षं नुसती उभी राहू शकते. तुमच्या शेडमधला कॉम्प्रेसर पाच वर्षांनी भंगारच असेल. ३० लाख वाचवायला थांबायचं की नाही हे शेडच्या पत्र्याकडे बघून ठरवा.

थकबाकीचं लिहिते, पण आता ऑफिसातून निघायचंय. रात्री.

सायझिंगवाला, इचलकरंजी

ताईंनी कायद्याचं सांगितलं, मी जागेवरचं सांगतो. मी असाच एक शेड घेतलाय.

पाहणीला जाताना फोटोग्राफर नको, इलेक्ट्रिशियन न्या. मी गेलो तेव्हा लिक्विडेटरच्या माणसाने सील काढलं, शटर वर केलं, आत कबुतरांची घाण, मशिनी झाकलेल्या, सगळं जागच्या जागी दिसत होतं. माझ्या इलेक्ट्रिशियनने पॅनेलचं दार उघडलं तर आत नुसता पत्र्याचा डबा. बसबार काढून नेलेली, मेन केबल भिंतीपाशी कापलेली. तांबं जेवढं म्हणून होतं तेवढं गेलं होतं. मशिनरीच्या यादीत मात्र 'इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन, १ संच' असं लिहिलेलं. मग मी किंमत मनाशी तेवढी कमी धरली आणि त्याच हिशेबाने बोली लावली. 'जसे आहे जेथे आहे' याचा अर्थ तोच. नंतर भांडायला जागा नाही.

व्हीएमसी असेल तर कंट्रोलरच्या कार्डांचं बघा. ईओटी क्रेन (शेडच्या छतालगत फिरणारी) असेल तर मोटर आणि हुकापर्यंत वर चढून बघा, खालून काही कळत नाही. शेडला बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का विचारा. मागे वाढवलेला पत्रा मंजूर नकाशात नसतो, आणि तुम्ही तर मागच्या अर्ध्या शेडचंच बोलताय.

यादीतल्या प्रत्येक मशिनच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या आणि त्याच दिवशी लिक्विडेटरला ईमेल टाका, 'आज पाहणीत हे हे आढळलं, हे हे आढळलं नाही.' ताबा मिळेपर्यंत काही गायब झालं तर बोलायला कागद राहतो.

सगळ्यांसाठी एक: आमच्याकडे सहकारी सूतगिरण्यांचे लिलाव निघतात ते या कायद्यात येत नाहीत. तिथे सहकार कायद्याचा अवसायक (त्यांचा लिक्विडेटर) असतो किंवा बँक विकते. नियम वेगळे, मुदती वेगळ्या. गल्लत करू नका.

बंद कंपनीतला फिटर

मी खरेदीदार नाही, वकील नाही. चाकणजवळच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो, ती अशीच लिक्विडेशनमध्ये गेली. हा धागा वाचला आणि राहवलं नाही.

तुम्ही जो शेड बघताय त्याच्या पैशांची वाट बघणारी माणसं आहेत, हे ध्यानात ठेवा. कलम ५३ मध्ये रांग आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची लिक्विडेशनआधीच्या २४ महिन्यांची देणी आणि हक्क सोडलेल्या बँका, दोघे एकाच पायरीवर. स्टाफमधल्या लोकांचा १२ महिन्यांचा पगार त्याच्या खालच्या पायरीवर. सरकारी देणी आणखी खाली, आणि मालक सगळ्यात शेवटी. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन फंड, ग्रॅच्युइटी फंडातले पैसे तर लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरतच नाहीत. ते कामगारांचेच.

एकाच पायरीवर म्हणजे जे जमेल ते दोघांत दाव्याच्या प्रमाणात वाटायचं. बँकेचा दावा कोटींत, आमचा लाखांत. विक्री जेवढी पडेल तेवढा प्रत्येकाचा वाटा आक्रसतो. आमच्यातला एकजण वेल्डर, आता रिक्षा चालवतो, प्रत्येक लिलावाच्या दिवशी मला फोन करून विचारायचा, 'लागली का बोली?' लिलाव फसला की राखीव किंमत उतरायची, आणि त्याच्या लेखी ते त्याच्या मुलीच्या फीमधून उतरायचं.

तुम्ही जास्त बोली लावा असं म्हणत नाही, तुमचाही संसार आहे. पण त्या पुतण्याबरोबर जाऊ नका. ज्यांनी आमचा पगार थकवला त्यांनाच तीच मशिनं पडत्या भावात परत मिळणार असतील, तर आम्ही फॉर्म कशाला भरले?

आणि इथे कुणी कामगार वाचत असेल तर: दावा टाकायची मुदत लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवसांची असते, जाहीर नोटीस पेपरात येते. प्रत्येकाला वेगळा फॉर्म भरता येतो, किंवा सगळ्यांच्या वतीने एक प्रतिनिधी भरू शकतो. पगाराची स्लिप, ओळखपत्र, पीएफचा उतारा, जे असेल ते जोडा. दावा नाकारला तर १४ दिवसांत एनसीएलटीकडे अपील करता येतं. आमचे काहीजण 'वकिलाने बघितलं असेल' म्हणून बसले, ते पुढे फार हेलपाटले.

जॉबवर्कवाला, कोल्हापूर

पुतण्याला काल रात्रीच मेसेज टाकला, 'मला जमणार नाही, परत फोन करू नये.' त्याने फक्त अंगठा पाठवला. फिटर दादा, तुमचं वाचून घरात वडिलांनाही वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'तुझ्या नावाने घ्यायचं तर तुझ्याच पैशाने घे.'

आज पाहणी करून आलो. इलेक्ट्रिशियन नेला होता. केबल शाबूत आहे, ट्रान्सफॉर्मर यादीत आहे पण जागेवर नाही. क्रेन चांगली आहे, ५ टनी. दोन लेथ माझ्या कामाचे, बाकी भंगार. मागच्या बाजूला वाढवलेला पत्रा आहे, साधारण चाळीस बाय वीस. नकाशात नसावा असं वाटतं.

ताई, थकबाकीचं राहिलं.

हिशेबनीस, पुणे

ट्रान्सफॉर्मरचं आजच ईमेल करा, सायझिंगवाल्या दादांनी सांगितलं तसं, फोटोसकट. लिक्विडेटर यादी दुरुस्त करून शुद्धिपत्रक काढू शकतो. ते सगळ्या बोलीदारांसाठी निघतं, त्यामुळे तुम्हाला खास सवलत मिळाली असं होत नाही.

आता थकबाकी. तत्त्व असं की कंपनीवरची जुनी देणी ज्याची त्याने लिक्विडेटरकडे दावा म्हणून मांडायची आणि विक्रीच्या पैशातून फिटर दादांनी सांगितलेल्या रांगेप्रमाणे मिळवायची. वीज कंपनीच्या थकबाकीबद्दल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा रामन इस्पात प्रकरणात निकाल आहे. उत्तर प्रदेशातल्या वीज वितरण कंपनीने थकबाकीपोटी मालमत्ता जप्त करवली होती. न्यायालयाने सांगितलं की दिवाळखोरीचा कायदा वरचढ आहे, मालमत्ता मोकळी करून लिक्विडेटरला विकू द्या, वीज कंपनीने रांगेत यावं.

पण त्याच वर्षी दुसरा एक निकाल आला, के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ. तो या कायद्याखालच्या लिक्विडेशनचा नव्हता, इतर लिलावांचा होता. त्यात म्हटलं की वीज कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी बाकी भरल्याशिवाय नवीन जोडणी नाकारता येते, आणि 'जसे आहे जेथे आहे' वाचून बोली लावणाऱ्याने आधी चौकशी करायला हवी. काउंटरवर बसलेला माणूस कुठला निकाल समोर धरेल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे बोलीआधी मीटरचा ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, बाकी किती आणि ती लिक्विडेटरकडे दावा म्हणून दाखल केलीय का, हे विचारा. दावा दाखल झालेला असेल तर त्याची प्रत लिक्विडेटरकडून मागा. पुढे जोडणीच्या वेळी तो कागद फार उपयोगी पडतो.

एमआयडीसीचं वेगळं आहे, कारण जमीन तुम्ही विकत घेत नाही आहात. एमआयडीसीचे प्लॉट सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. लिक्विडेटर विकतोय तो त्या पट्ट्यातले उरलेले हक्क. म्हणून पट्ट्याची प्रत बघा, अंतिम पट्टा झालाय की नुसता करारनामा आहे ते बघा, किती वर्षं उरलीत मोजा. हस्तांतरणाला एमआयडीसीची संमती आणि ट्रान्सफर फी लागते, आणि ती खरेदीदारानेच भरायची असं बहुतेक निविदांमध्ये लिहिलेलं असतं. रक्कम लहान नसते. कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयात प्लॉट नंबर देऊन फी किती, पाणीपट्टी आणि सेवाशुल्काची बाकी किती, आणि तो मागचा वाढीव पत्रा मंजूर आहे का, हे लेखी विचारा. मंजूर नसेल तर नियमित करायचा किंवा पाडायचा खर्च तुमच्या हिशेबात घ्या.

एवढं झालं की कागदावर ३ कोटींच्या खाली एक रेघ मारा आणि त्याखाली लिहीत जा: ट्रान्सफर फी, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, मशिनरीवरचा जीएसटी, नवीन ट्रान्सफॉर्मर, पत्र्याचं काय ते, वीज जोडणी, आणि ३० दिवसांपलीकडे गेलात तर व्याज. जी बेरीज येईल ती त्या शेडची तुमच्यासाठीची खरी किंमत. तेवढे पैसे नसतील तर बोली लावू नका. असतील तर तुमची कमाल बोली आत्ताच लिहून ठेवा. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढत जाते, आणि त्या वाढीव मिनिटांत माणसं स्वतःचं गणित विसरतात. आमच्या ऑफिसातून स्क्रीनवर मी ते बघितलंय, समोरचा बोलीदार कोण आहे हे माहीत नसताना माणूस नुसत्या ईर्ष्येने दहा-दहा लाख चढवत जातो आणि मग ९० दिवस आम्हाला फोन करत राहतो.

पूर्ण पैसे भरलेत की लिक्विडेटर विक्रीचा दाखला किंवा दस्त करून देईल. ताबा घेताना पंचनामा करा, यादीतल्या मशिनी एकेक टिक करून. नंतर कंपनी निबंधकांकडे जुन्या बँकेचा बोजा दिसत राहिला किंवा कुठल्या खात्याची जप्तीची नोंद राहिली, तर ती काढून देण्यासाठी आधी लिक्विडेटरला लिहा. त्याने झालं नाही तर कलम ६०(५) खाली एनसीएलटीत अर्ज करता येतो. ते मुंबईचं काम आहे, वकील लागेल, पण असे अर्ज होतात आणि आदेशही मिळतात.

नियमांत अधूनमधून दुरुस्त्या होत असतात. त्यामुळे मुदती आणि टक्के तुमच्या निविदेच्या कागदात काय छापलेत ते माझ्या लिहिण्याशी ताडून बघा. फरक दिसला तर कागद खरा धरा आणि लिक्विडेटरला विचारा.

फिटर दादा, एक तुमच्यासाठी. विक्रीचे पैसे आल्यावर ९० दिवसांत वाटप करावं असं नियमांत आहे. तुमच्या कंपनीची विक्री होऊन त्यापेक्षा जास्त काळ गेला असेल तर प्रतिनिधीमार्फत लिक्विडेटरला लेखी विचारा की रक्कम कशासाठी थांबलीय. तिमाही प्रगती अहवाल तो न्यायाधिकरणात देत असतो, त्यात जमा-खर्च असतो. कुणाला तो वाचायला मदत हवी असेल तर इथे विचारा, मी शनिवार-रविवार बघते.

जॉबवर्कवाला, कोल्हापूर

एमआयडीसी आणि महावितरण दोन्हीकडे अर्ज आजच टाकले, पोच घेतली. बँकेचा माणूस सोमवारी शेड बघायला येतोय. तुमच्यासारखी रेघ मारून बेरीज केली तर ट्रान्सफर फी सोडूनच ३ कोटी ६० लाखांच्या आसपास जातंय. फीचा आकडा आला की बोली लावायची की नाही ते ठरवतो.

बंद कंपनीतला फिटर

ताई, आमची विक्री होऊन ९० दिवस कधीच उलटले. पत्राचा मसुदा करून इथेच टाकतो, नजर टाका.